नऊपैकी पाच

लोणार तालुक्यातल्या बीबीच्या शिवारात ऐन काढणीत सोयाबीन भिजलं, कर्ज थकलं आणि घरच्या कर्त्या माणसाची झोप उडाली, तर त्याला आजार म्हणायचं की आपत्ती?

लोणारचा बुलढाणा जिल्हा ‘प्रेरणा प्रकल्पा’तल्या १४ जिल्ह्यांपैकी एक. विदर्भ-मराठवाड्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी योजनेत आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची विचारपूस करतात. मात्र नैराश्य मोजायचं प्रचलित माप घडलंय अमेरिकेत.

तिथल्या मानसोपचार संघटनेची ‘डीएसएम’ नावाची पोथी सांगते: नऊ लक्षणांपैकी पाच दोन आठवडे टिकली आणि त्यात उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक असलं, की नैराश्य. हिशेब मांडला तर या नियमात २२७ जुळण्या बसतात. एकाला झोप नाही, दुसरा दिवसभर अंथरुणात. केसपेपरवर नाव मात्र एकच. आयको फ्राइड आणि रँडॉल्फ नेसी यांनी २०१५ मध्ये लक्षणं आणखी सुटी करून ३,७०३ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा तब्बल १,०३० वेगवेगळे संच निघाले.

याच पोथीत पूर्वी एक सवलत होती. जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा हे निदान करायचं नाही. २०१३ च्या आवृत्तीत ती काढली, त्यावर जगभर वाद झाला. पीक गेल्याचं दुःख त्या सवलतीत कधी नव्हतंच! पोथी लिहिणाऱ्यांपैकी कुणाची कोरडवाहू शेती नसावी.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पाने वेगळी वाट धरली. ३० गावांत कामाची सुरुवात आजाराच्या नावाने नव्हे, ताणापासून झाली. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांचा आधार, पुढे समुपदेशक, गंभीर त्रास असेल तरच मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे त्रास निदानाच्या कोणत्या खणातला यापेक्षा किती, हा प्रश्न आधी. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी वाढ सहापट आहे.

मग खण मोडीतच काढावेत? इथे जरा थांबायला हवं. एमिल क्रेपेलिनने १८९९ मध्ये उन्माद आणि उदासी एकाच आजारात बसवली. १९६६ मध्ये ज्यूल्स आंग्स्ट आणि कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे नुसती उदासी आणि उन्मादासह येणारी उदासी वेगळी काढली. सीमारेषेवरचे रुग्ण आजही या फाळणीला जुमानत नाहीत, पण उपचारांत ती टाळता येत नाही. उन्मादाचा इतिहास असलेल्याला नुसती नैराश्याची गोळी दिली, तर उन्माद उसळू शकतो. तिथे लिथियमसारखं औषध लागतं. म्हणून उदास माणसाला आणि त्याच्या घरच्यांना एक प्रश्न हमखास विचारावा लागतो: पूर्वी कधी हा दिवसचे दिवस जेमतेम झोपूनही दमत नव्हता, पैसा उधळत होता, असं झालं होतं का?