पट मोजा, पण अंतरही मोजा

स्वारगेटहून खडकवासल्यामार्गे सुमारे 40 किलोमीटर गेलं की पानशेत येतं. सप्टेंबर 2023मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून हे पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ पुढे ठेवलं होतं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात 14,783 आणि त्यांत 1,85,467 मुलं, असा सरकारी हिशेब होता. वेल्हे, भोर, मुळशीतल्या कातकरी वाड्यांना हा निव्वळ पटाचा हिशेब अन्याय करतो. 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, शिक्षक किती ते त्यावरून ठरतं. तेव्हा भात शेतात उभं असतं, कातकरी घरंही वाडीवर असतात. दिवाळीनंतर हीच कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. स्थलांतरित मुलाला जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, सोय चांगली आहे. पण भट्टी गावाबाहेर, आईबाप पहाटेपासून चिखलात आणि धाकटं भावंड याच मुलाच्या कडेवर. जूनमध्ये त्याला पुन्हा वर्गात आणतात ते घर ओळखणारे, दारात येऊन हाक मारणारे गुरुजी. शाळा लांब गेली की ती हाकही गेली.

समूह शाळेची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. सहा मुलं, चार इयत्ता, एक शिक्षक आणि त्याच्यामागे निवडणुकीची कामं. यात मुलांचं नुकसानच होतं. सहावी-सातवीच्या मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यावं, हे मलाही पटतं. पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथवरची निसरडी उतरण पहिलीतल्या पोराला जुलैच्या पावसात पायीच उतरावी लागते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांतही पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि पुढे आठवीपर्यंत 3 किलोमीटर असा फरक केलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. लहान शाळेत एका मुलामागे खर्च जास्त येतो, येऊ द्या; शाळा सुटलेलं मूल दहाव्या वर्षी भट्टीवर उभं राहतं, तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो. म्हणून पाचवीपर्यंतची वाडीवरची शाळा पट कितीही असो, हलवू नये. आणि पटाची मोजणी फेब्रुवारीतही करावी, म्हणजे सप्टेंबरातली किती मुलं तेव्हा भट्टीवर आहेत ते कागदावर येईल.