नळीतला अडसर

रक्ततपासणीचा कागद वाचणारा आमच्या घरातला पहिला माणूस मीच. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी वडिलांच्या साखरेचा आकडा घरचे मलाच विचारतात. म्हणून तो आकडा कसा येतो, हे मी समजून घेतले.

काढलेले रक्त नळीतही जिवंत असते. तांबड्या पेशी साखर खातच राहतात. ती तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. फ्लोराइड घातले तरी पहिला तास-दोन तास ही घट चालू राहते. पेशींतले पोटॅशियमही हळूहळू बाहेर झिरपते. उमरीचा नमुना नांदेडला पाठवायचा, तर पेशी आधीच वेगळ्या केलेल्या बऱ्या.

त्यासाठी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. गोफणीतला दगड बाहेर ओढ घेतो, तशाच जड पेशी बुडाकडे जातात. पेशींची घनता सुमारे १.०९, रक्तद्रवाची १.०२५. पण नंतर नळी हिंदकळली, की दोन्ही पुन्हा एक!

येथे कामी येतो नळीतला लवचीक अडसर. त्याचा माथा हलका, बूड जड. फिरताना तो ताणून बारीक होतो. कडेने पेशी खाली उतरतात, द्रव वर येतो. अडसराची घनता दोहोंच्या मधली, म्हणून तो नेमका सीमेवर थांबतो. यंत्र थांबताच आखडून जाड होतो आणि नळीला घट्ट बसतो. मग नमुना प्रवासाला निघाला तरी पेशी द्रवाला शिवत नाहीत.

मित्रहो, रक्त दिल्यावर “हे फिरवणार कधी?” एवढे विचारायला आपण संकोचू नये. औषधाची मात्रा त्याच आकड्यावर ठरते.