पाप ते गृहीतक

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत भेटणारा, केवळ स्वतःच्या लाभाचा हिशेब मांडणारा माणूस बाजारपेठेच्या निरीक्षणातून सापडला असावा, असे सहज वाटते. त्याची वंशावळ मात्र धर्मचर्चेत, पापाच्या मीमांसेत निघते. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये जान्सेनवादी हा कॅथलिकांमधील कडवा पंथ संत ऑगस्टीनला प्रमाण मानून असे प्रतिपादीत असे, की आदमाच्या पतनानंतर मानवी स्वभाव मुळातच बिघडला असून ईश्वरी कृपेवाचून माणसाच्या हातून निखळ सत्कृत्य घडणे शक्य नाही. मग अशा पतितांचा समाज टिकतो तरी कसा? इंग्लंडच्या थॉमस हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये सर्वसत्ताधीश राज्यसंस्थेचा धाक हे उत्तर दिले होते. पिएर निकोल या जान्सेनवादी लेखकाला मात्र धाकाच्या जोडीने लोभही पुरेसा वाटला. अनोळखी वाटसरूसाठी घर बांधून, ते सजवून त्याची किल्ली हाती देण्याइतका परोपकार कोणाच्या अंगी असणार, असे विचारून तो दाखवतो, की खाणावळवाला हेच काम पैशासाठी आनंदाने करतो. आत्मप्रेम, म्हणजे प्रत्येक गोष्टीत स्वतःलाच केंद्रस्थानी ठेवण्याची वृत्ती, बाहेरून पाहता हुबेहूब दयेसारखे वागते. तरीही निकोलच्या लेखी ते पापच होते.

हे पाप उघडपणे उपयुक्त ठरवण्याचे धाडस रॉटरडॅमच्या परिसरात जन्मलेल्या आणि लंडनमध्ये वैद्यकी करणाऱ्या बर्नार्ड मँडेव्हिलने केले. १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या उपरोधिक कवितेतील मधमाश्यांचे पोळे लबाडी, चैन आणि दिमाखावर भरभराटलेले असते. पण त्यातील माश्या सचोटीसाठी गाऱ्हाणे घालतात आणि देव ते ऐकतो. त्याबरोबर खटले संपतात, वकिलांचे काम जाते, चोरच न उरल्याने कुलुपे करणारे बेकार होतात, उंची वस्त्रांची मागणी ओसरते आणि उरलेल्या थोड्या प्रामाणिक माश्या शेवटी झाडाच्या ढोलीत जाऊन राहतात. पुढे १७१४ मध्ये हीच कविता विस्तृत टिपांसह ग्रंथरूपाने आली, आणि खासगी दुर्गुणांतून सार्वजनिक हित साधते हे सूत्र त्याच्या उपशीर्षकातच झळकले. धर्मादाय शाळांवरील जळजळीत टीका जोडून १७२३ मध्ये निघालेल्या आवृत्तीवर तर मिडलसेक्सच्या ग्रँड जुरीने उपद्रवकारक ग्रंथ म्हणून ठपका ठेवला. ग्रंथाचा खप त्यामुळे वाढला असल्यास नवल नाही.

त्याच १७२३ साली स्कॉटलंडमध्ये बाप्तिस्मा झालेल्या ॲडम स्मिथकडे स्वार्थाच्या तत्त्वाचे जनकत्व सर्रास दिले जाते, आणि तो त्याच्यावर अन्यायच आहे. १७५९ च्या ‘नैतिक भावनांचा सिद्धांत’ या ग्रंथाचा आरंभच सहानुभूतीने, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहण्याच्या क्षमतेने होतो. माणसाची प्रत्येक इच्छा दुर्गुणात जमा करणे ही मँडेव्हिलची मूळ चूक असल्याचेही स्मिथ तेथे सांगतो. आपल्या हिताची माफक काळजी घेणे हा त्याच्या दृष्टीने दूरदर्शीपणाचा सद्गुण ठरतो. १७७६ च्या ‘राष्ट्रांची संपत्ती’मधील खाटीक आणि पाववाला गिऱ्हाइकावरील दयेपोटी दुकान चालवत नाहीत हे खरे; परंतु व्यापारी एकत्र जमले की भाव चढवण्याचे संगनमत करतात, हा इशाराही त्याच ग्रंथात आहे आणि तो सोयीस्करपणे विसरला जातो.

पुढची पायरी अधिक कोरडी आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८३६ मध्ये केवळ संपत्तीमागे धावणारा माणूस ही अभ्यासाच्या सोयीसाठी केलेली कल्पना असल्याचे स्पष्ट केले, तर १८८१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने स्वहित हीच प्रत्येक व्यक्तीची एकमेव प्रेरणा मानून त्यावर गणित उभारले. पाप, सद्गुण आणि सोय अशी वळणे घेत स्वार्थ अखेर गृहीतक बनला, आणि गृहीतकाला नीतीचा जाब द्यावा लागत नाही.

तो जाब पुण्यात विचारला गेला. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या शास्त्राची गृहीतके एकामागून एक मांडली आणि हिंदुस्थानातील सामान्य माणूस या आर्थिक मानवाच्या अगदी विरुद्ध टोकाला असून, येथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात यांचे बळ अधिक आहे, असे दाखवून दिले. त्यामागे परंपरेचा गौरव करण्याचा हेतू नव्हता: इंग्लंडसाठी रचलेले निर्हस्तक्षेपाचे धोरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही आणि उद्योगांच्या उभारणीत सरकारने हात दिला पाहिजे, ही त्यांची मागणी होती.