वेंगुर्ल्याची वखार आणि दिवाडीचा बिशप

करवीरच्या संभाजीराजांच्या नावाने रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास जे आज्ञापत्र लिहिले, त्यातला टोपीकरांविषयीचा मजकूर अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच), डिंगमार (डेन) अशी पाच नावे अमात्य घेतात आणि बजावतात की हे नुसते सावकार नव्हेत. यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना मुलूख हवा आहे आणि आपले मतही रुजवायचे आहे. मात्र यांतले फिरंगी आणि फरांसीस पोपला मानणारे, तर उरलेले तिघे पोपची सत्ता झुगारून दिलेले, हा भेद ते कुठे करत नाहीत. पाचांसाठी नीती एकच. बावड्याच्या या मुत्सद्द्याला युरोपातल्या पंथकलहाची कल्पना नसावी, असे म्हणून पुढे जाता येईल. मला ते पटत नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांचे वैर आपल्या घाटाखाली शंभरावर वर्षे नांदत होते. ते कुठे पेटेल आणि कुठे निवेल, हे बायबलच्या अर्थावरून क्वचितच ठरले. जमिनीचा धनी कोण, यावरून ते ठरत गेले. अमात्यांची एकच नीती या अनुभवाशी नेमकी जुळते.

या वैराने मराठीला दिलेली देणगी सर्वांना माहीत आहे, तिचे कारण मात्र विसरले जाते. विल्टशरचा टॉमस स्टीफन्स एलिझाबेथच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून सुखाने जगू शकला नसता. त्याचा मित्र टॉमस पाउंड तर धर्मापायी तुरुंगात खितपत पडला. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट झाला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, पण त्याआधीची एक घटना मला तितकीच मोलाची वाटते. १५८३ मध्ये होर्मुझला पकडलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. त्यांत राल्फ फिच होता, जेम्स स्टोरी नावाचा चित्रकारही होता. त्यांच्यावर हेरगिरीचा वहीम होता. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट केली ती याच स्टीफन्सने. स्टोरी जेझुइटांकडे चित्रे काढायला राहिला. बाकीचे तिघे १५८४ मध्ये निसटले आणि बेळगाववरून विजापूरला पोचले. स्टीफन्सला त्यांचे धर्मांतर हवे असणार, असा आक्षेप येईल. असेलही. तरी ज्या पंथाच्या राजवटीमुळे त्याला देश सोडावा लागला, त्याच पंथाच्या माणसांसाठी तो रदबदली करत होता, एवढे खरे.

खरी कसोटी लागली ती १६३७ मध्ये. त्या वर्षी योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूरला गेला आणि आदिलशहाकडून वेंगुर्ल्याला वखार घालण्याची परवानगी घेऊन आला. तिथून डचांना गोव्याची नाकेबंदी रेटता आली. १६३९ मध्ये मुरगावच्या बंदरात त्यांनी पोर्तुगीजांची तीन मोठी गलबते जाळली. हे धर्मयुद्धच वाटेल. पण त्याच १६३७ साली रोममध्ये दिवाडी बेटावरचा एक ब्राह्मण ख्रिस्ती, मातेउश द कास्त्रु म्हणजे मूळचा महाले, बिशप झाला. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला पाद्रीपद नाकारले होते. पाद्री नेमण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला होता, आणि गोव्याच्या चर्चमध्ये देशी माणसाला वर चढू द्यायचे नाही हा शिरस्ता होता. म्हणून महाले पायपीट करत रोमला गेला. धर्मप्रसाराची सूत्रे आपल्या हाती घेण्यासाठी पोपने १६२२ मध्ये स्थापलेल्या ‘प्रोपागांडा फिदे’ या मंडळाने त्याला जवळ केले आणि आदिलशाही मुलखासाठी बिशप नेमले. तो डिचोलीला राहिला, म्हणजे गोव्याच्या वेशीवर, पण पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर. १६५३ मध्ये त्याने गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून पोर्तुगीजांविरुद्ध जळजळीत पत्रक लिहिले. वेंगुर्ल्याच्या डचांशी आणि विजापूरशी त्याने संधान बांधले. १६५४ मध्ये आदिलशाही फौज बारदेशात उतरली. पोपचा बिशप, कॅल्व्हिनपंथी व्यापारी आणि मुसलमान सुलतान एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक कॅथलिक राजा. पोर्तुगीजांनी महालेला फितूर ठरवले. मला तो आपल्या भूमीतला पहिला मोठा धार्मिक बंडखोर वाटतो, आणि त्याला मराठी इतिहासात इतकी कमी जागा मिळाली याची खंत वाटते. त्याने पंथ सोडला नाही. १६७७ मध्ये तो वारला तोही रोममध्येच.

वैर जमिनीच्या धन्यावरून ठरत गेले, या म्हणण्याला सबळ आक्षेप सिंहलद्वीपातून येतो. तिथे किनारा जिंकल्यावर डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली, ती इतकी कडक की बाणावलीचा जुझे वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात तिथे शिरला. ही पंथाचीच छळणूक होती, हे मान्य केले पाहिजे. पण ती जिथे डच स्वतः धनी होते तिथे झाली. वाझला शेवटी आसरा दिला तो कँडीच्या बौद्ध राजाने, आणि त्यानेही आधी त्याला कैदेत टाकले ते पोर्तुगीजांचा हेर समजून. मलबारात तर धनीपण हाती येऊनही डचांची धार पुढे बोथट झाली. १६६३ मध्ये कोची घेताच त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकलले. पण थोड्याच वर्षांत तिथला डच सेनापती व्हान रेडे वनस्पतींचा ग्रंथ करू लागला तेव्हा मॅथ्यू नावाचा कार्मेलाइट साधू त्याच्या मदतीला होता. मॅथ्यू इटालियन होता, पोर्तुगालच्या राजाचा माणूस नव्हता.

इंग्रजांचे वागणे तर आणखी उघड आहे. १६३५ मध्ये त्यांनी गोव्याच्या व्हाइसरॉयशी तह केला. मुंबई आंदण मिळाली तेव्हाच्या तहात कॅथलिकांना धर्माचरणाची मोकळीक दिलेली होती, आणि ती बहुतांशी पाळलीही गेली. मग १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री का घालवले? त्यांची चर्चे त्यांनी प्रॉटेस्टंटांना दिली नाहीत. रोमने पाठवलेल्या इटालियन कार्मेलाइटांकडे सोपवली. खटकत होती ती गोव्याच्या आर्चबिशपवरची निष्ठा. पुढे गोव्याचे पाद्री आणि रोमचे पाद्री यांच्यातच ही चर्चे कोणाची यावर वर्षानुवर्षे हमरीतुमरी चालली, आणि १७९४ मध्ये ती दोघांत वाटून दिली गेली. वाटणी करणारे सरकार प्रॉटेस्टंट होते.