नळाला लावलेलें ठिगळ

घरांतला नळ गळूं लागला म्हणजे गृहस्थ प्रथम त्याखालीं बादली ठेवतो, आणि ती भरून वाहूं लागली म्हणजे नळाच्या कारागिराकडे निरोप धाडतो. कारागीर येतो, खटपट करतो, गळती थांबते, मजुरी दिली जाते, आणि विषय संपला असें घरांतलीं सर्व माणसें समजतात. या संपलेल्या विषयाच्या पुढें काय होतें, तें आज सांगावयाचें आहे.

आमचा मेढा गांव म्हणजे जावळी तालुक्याचें ठिकाण. वेण्णा नदीचा कांठ आणि भोंवतीं डोंगर. येथें लोखंडी सामानाच्या दुकानाच्या पायरीवर रोज सकाळीं नळकाम करणारे चार-पांच जण कामाची वाट पाहत बसतात, आणि तोंवर एकमेकांच्या कामांची चिकित्सा चालते. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून मीहि त्या पायरीवर पुष्कळ वेळ घालविला आहे. वैद्य आणि वकील आपल्या व्यवसायबंधूंच्या चुका झांकून घेतात असें म्हणतात. या मंडळींना तो शिष्टाचार ठाऊक नाहीं, आणि त्यामुळें ऐकणाऱ्याचा फायदा होतो.

सर्वांत अधिक थट्टा होते ती तापविलेल्या पाइपाची. प्लास्टिकचे दोन पाइप जोडावयाचे तर मध्यें सॉकेट पाहिजे. तें थोडक्या पैशांत मिळतें. पण तें पिशवींत नसलें म्हणजे कागद पेटवून एका पाइपाचें तोंड ज्वाळेवर मऊ करतात आणि दुसरा पाइप त्यांत दाबून बसवितात. जोड दिसतो सुरेख. परंतु तोंड रुंद होतांना त्याची जाडी कमी झालेली असते, आणि आंच अधिक लागली असेल तर तेथें प्लास्टिक ठिसूळहि झालेलें असतें. लोखंडी पाइपाच्या आट्यांचें निराळेंच. अर्ध्या इंची पाइपास एका इंचांत चौदा आटे असतात. त्यांवर सुतळीचे तंतू गुंडाळून वर सफेदा फांसावयाची जुनी रीत होती. सफेदा हें शिशाचें विष; पिण्याच्या पाण्याजवळ तें नकोच. आतां टेफ्लॉनची पांढरी फीत आली आहे. पाइपाचें तोंड आपल्याकडे धरून ती घड्याळाच्या कांट्याप्रमाणें गुंडाळावी. उलट गुंडाळली तर आवळतांना ती गोळा होऊन बाहेर येते. मग कारागीर चिडून दहा वेढे अधिक देतो, पाना जोरानें फिरवितो, आणि प्लास्टिकचें सॉकेट चिरतें.

यापुढची पायरी म्हणजे सायकलची ट्यूब. तिची पट्टी ताणून चिरेवर वेढावयाची आणि वरून तार आवळावयाची. या उपायाची मी निंदा करणार नाहीं. रात्रीं पाइप फुटला, दुकानें बंद, घरांत पाणी शिरलेलें, अशा वेळीं याहून चांगलें कांहीं सुचणारहि नाहीं. अडचण अशी कीं पट्टी टिकते. सकाळ होते, पाणी वाहत नाहीं, कोणास घाई उरत नाहीं, आणि पुढच्या दिवाळीस तिच्यावर गिलावा चढतो. "गळतंय तंवर बरं असतंय, गुर्जी," एक वृद्ध कारागीर मला म्हणाला, "दिसंना झालं की मग कुनी बघत न्हाई."

गळतीनें पाणी वायां जातें, हें कारण आपण मुलांना सांगतों. पण सेकंदास एक थेंब पडला तर दिवसाकांठीं चार-पांच लिटर होतात. तेवढ्यानें कोणाचें दिवाळें निघत नाहीं. भय निराळें आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलो असतो. उंचावरच्या टांकीचें पाणी सुटलें म्हणजे हा दाब पाइपाच्या आंत असतो, म्हणून चिरेंतून पाणी बाहेर येतें. परंतु आपल्या बहुतेक गांवांत आणि शहरांत पाणी अष्टौप्रहर नसतें. व्हॉल्व्ह बंद झाला कीं उतारावरील खालच्या घरांच्या उघड्या तोट्यांतून पाइप रिता होऊं लागतो, आणि वरच्या भागांतला दाब बाहेरच्या हवेहूनहि कमी होतो. त्या वेळीं तीच चीर बाहेरचें पाणी आंत ओढते. पाइप गटाराच्या कडेनें गेला असेल तर तें पाणी कसलें, हें सांगावयास नको. कोणी मोटार थेट नळास जोडून पाणी खेंचूं लागला तर हीच ओढ अधिक जोरानें लागते, आणि तिचें फळ शेजाऱ्यासहि मिळतें. पाणी आल्यावर पहिली घागर ओतून देण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. ती अगदीं शहाणपणाची आहे. मात्र विषमज्वराचे किंवा काविळीचे जंतू स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यांतहि असूं शकतात.

हवेचीहि अशीच गोष्ट. पाइप चढावर गेला कीं उंचवट्यांत हवा अडकते व पाणी पुढें सरकत नाहीं. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, १७५० च्या सुमारास, कात्रजहून पुण्यास जो नळ आणला, त्याच्या वाटेवर हवेसाठीं उच्छ्वास बांधले होते. आज त्या कामासाठीं लहानसा व्हॉल्व्ह मिळतो. त्याऐवजीं खिळा तापवून पाइपास भोंक पाडतात, हवा गेली कीं त्यांत लांकडाची खुंटी ठोकतात. ती खुंटी कुजली म्हणजे आणखी एक दार उघडलें.

१९३३ सालीं शिकागो येथें जागतिक प्रदर्शन भरलें असतां तेथील दोन मोठ्या हॉटेलांतून आमांशाची सांथ पसरली. सुमारें चौदाशें माणसें आजारी पडलीं, शंभराच्या जवळपास दगावलीं. पाहुणे आपापल्या गांवीं परतल्यावर आजारी पडत, म्हणून मूळ लवकर सांपडेना. अखेर चौकशींत जुन्या नळकामांतील सदोष जोड उघडकीस आले. मैल्याच्या पाण्यास पिण्याच्या पाण्यांत शिरण्यास वाट मिळाली होती. हॉटेलें श्रीमंतांचीं होतीं. भिंतींच्या आंत काय आहे, तें मात्र पाहुण्यांना दिसत नव्हतें.

पायरीवरच्या मंडळींची यावर एक तक्रार आहे, आणि ती मला न्याय्य वाटते. फरशीसाठीं हजारों रुपये मोजणारा गृहस्थ सॉकेटच्या किंमतीवर घासाघीस करतो, आणि "आजच्यापुरतं करा" असें स्वतःच सांगतो. तेव्हां ठिगळ लावावयाचेंच असेल तर तें उघडें राहूं द्यावें आणि शेजारीं भिंतीवर तारीख लिहून ठेवावी. नवा जोड झाला तर गिलाव्यापूर्वी एक रात्रभर पाणी भरून दाबाखालीं ठेवावा. जुन्या घराची परीक्षा सोपी आहे: पाण्याची वेळ चालू असतांना सर्व तोट्या बंद कराव्या, टांकीचा कॉकहि बंद करावा, मीटरचा आंकडा टिपून घ्यावा आणि अर्ध्या तासानें पुन्हा पाहावा. आंकडा सरकला असेल तर ठिगळ कोठें तरी आहे, आणि तें भिंतींत शोधावें लागेल.