हक्कांचे पहारेकरी – लेखांक ७ : ‘आमच्याकडे नाही’ या उत्तराशी लढा

कोरडे संडास बांधण्यावर आणि माणसाकरवी मैला उचलून घेण्यावर १९९३ साली संसदेने बंदी घातली. गेला लेखांक तिथे थांबला होता. पुढची अनेक वर्षे राज्याराज्यांतून एकच उत्तर येत राहिले: आमच्याकडे ही प्रथाच नाही.

हे उत्तर बेझवाडा विल्सन यांच्या ओळखीचे होते. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत १९६६ साली ते जन्मले. मैला उपसण्याचे काम त्यांच्या घरी पिढीजात चालत आलेले. वसाहतीत कोरडे संडास नाहीतच, असे खाणीचे व्यवस्थापन सांगू लागले, तेव्हा विल्सन यांनी त्यांची छायाचित्रे काढून वर्तमानपत्राकडे पाठवली. मग मात्र नाकारणे अवघड झाले.

निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन आणि पॉल दिवाकर यांच्या साथीने १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘सफाई कर्मचारी आंदोलन’ उभे केले. यातले बहुतेक कार्यकर्ते याच कामात राबलेल्या घरांतले. गल्लोगल्ली फिरून संडास मोजायचे, छायाचित्रे घ्यायची, मैला वाहणाऱ्या बायकांची नावे नोंदवायची. या कामात बहुसंख्य बायकाच, आणि जवळजवळ सगळ्या दलित जातींतल्या. २००३ साली आंदोलनाने इतर संघटनांसह सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. राज्ये प्रतिज्ञापत्रांवर नकार देत राहिली आणि कार्यकर्ते त्याच राज्यांतले पुरावे न्यायालयापुढे ठेवत राहिले. चिकाटीची अशी उदाहरणे आपल्या सार्वजनिक जीवनात फार नाहीत.

अकरा वर्षांनी, २७ मार्च २०१४ रोजी निकाल लागला. १९९३ पासून गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मरण पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. त्याआधी २०१३ साली नवा, अधिक कडक कायदाही आला होता.

तरी माणसे मरतच राहिली. ‘आम्हाला मारणे थांबवा’ अशी हाक देत आंदोलनाची भीमयात्रा १२५ दिवस देशभर फिरली आणि एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत पोहोचली. त्याच वर्षी विल्सन यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२०२१ साली केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झालेला नाही. गटारातले मृत्यू ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या रकान्यात जातात, म्हणून हे म्हणता येते. ही शुद्ध फसवणूक आहे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने गोवंडीत २०१९ मध्ये खासगी सोसायटीच्या टाकीत मेलेल्या तीन कामगारांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख केली.

सोसायटीची टाकी साफ करायची वेळ आली की वाचकांनी एवढे जरूर पाहावे: माणूस आत उतरवला जात असेल तर काम तिथेच थांबवावे. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही आत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.