कार्टून नाही गं आई, ॲनिमे!

दिवा-रोहा गाडीत पेणला चढलेलं कुणी कानात जपानी संवाद ऐकत हसताना दिसलं, तर समजा, आपल्यातलंच! सुरुवात बहुतेकांची सारखीच. २००५मध्ये 'हंगामा'वर हिंदीत आलेला 'डोरेमॉन', पुढे 'नारुतो', मग सबटायटल्स आणि जागरणं.

अशा वेड्यांना जपानीत 'ओताकू' म्हणतात. मूळ अर्थ 'आपलं घर', म्हणून आदरार्थी 'आपण'. १९८३मध्ये अकिओ नाकामोरी यांच्या लेखातून त्याचा टोमणा झाला. आज पोरं तेच नाव मिरवतात.

घरी मात्र एकच प्रश्न, 'अजून कार्टून?' पेणच्या कारखान्यात बाप्पाच्या डोळ्यांची आखणी बघत तासभर रेंगाळणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही. मग एकेका चित्रावर जीव लावणाऱ्या ओताकूलाच का?